दोघांचा खर्च

आमच्या धाकट्याला सगळे काटेवाला म्हणतात. वजनकाटे तपासायचे आणि दुरुस्त करायचे, हा त्याचा धंदा. किराणा दुकानातले, टपाल कचेरीतले, दवाखान्यात तान्ह्या बाळांना ठेवतात ते, असे नाना तऱ्हेचे काटे त्याच्या हाताखालून गेलेत. त्याच्याकडे पितळी वजनांची एक पेटी आहे. त्यातली वजनं तो चिमट्याने उचलतो, बोट म्हणून लावत नाही. बोटाचा घाम लागला तरी वजनात फरक पडतो म्हणे. मी एकदा एक वजन नुसतं हातात घेऊन बघितलं, तर घर डोक्यावर घेतलं त्याने. असा हा माणूस. दोन आणि दोन चार नाही झाले तर त्याला जेवण गोड लागायचं नाही.

मी त्याची थोरली बहीण. एकाच मजल्यावर आमची समोरासमोर दारं, मधे जिना. लोकांचे कपडे घट्ट-सैल करून द्यायचं काम मी घरीच करते, त्यामुळे समोर कोण आलं, कोण गेलं, दुधाची पिशवी कधी आत गेली, हे मला न विचारता कळतं. याला लोक भोचकपणा म्हणतात. म्हणोत बापडे.

त्याची बायको गेली त्याला वर्ष होऊन गेलं. तिला मी बाईसाहेब म्हणायचे, अगदी तोंडावर. आणि ती मला मुद्दाम 'वन्सं' म्हणायची, जुन्या बायका नणंदेला म्हणायच्या तसं, नाक उडवून. आमचं कधी पटलं नाही, उगाच कशाला खोटं बोला! तिला अंधाराचं वावडं होतं. बसायची एका खोलीत आणि दिवे सगळ्या घरात. अंघोळीला गेली की गरम पाणी संपवूनच बाहेर यायची, त्यांच्या न्हाणीघराच्या खिडकीतून वाफ जिन्यापर्यंत यायची. मग हा बाहेरून दार वाजवायचा, "अगं, आटप आता, टाकी रिकामी झाली!" आतून तिचं ठरलेलं उत्तर, "टाकी तुझी, अंग माझं!" आणि दोघं हसत सुटायची. रोज सकाळी जिन्यापलीकडून हे ऐकून माझं डोकं उठायचं.

ती आजारी पडली काय, आणि पंधरवड्यात गेली काय. मूलबाळ नव्हतं. हा एकटा उरला. रडला वगैरे नाही फारसा. कामावर जायचा, यायचा. मला वाटलं, सावरला.

पण संध्याकाळी त्याच्या सगळ्या खोल्यांत दिवे लागायचे. तो बसलेला असायचा स्वयंपाकघरात, आणि उजेड घरभर. मी एक-दोनदा ओरडले, "अरे, वीज काय फुकट मिळते का?" तो 'हो हो' म्हणायचा आणि एकही दिवा मालवायचा नाही.

आणि एका सकाळी मी जिन्यात केर काढत होते, तर वाफ आली. तीच. साबणाच्या वासासकट. माझ्या हातातला झाडू पडला. त्याच्या घराची किल्ली माझ्याकडे असते, मी आत गेले. न्हाणीघराचं दार लावलेलं, आत नळ धो धो चाललेला, आणि आमचे काटेवाले बाहेर खुर्ची टाकून पेपर वाचत बसलेले.

"कोण आहे आत?" मी विचारलं.

"कोण असणार? पाइप तुंबला होता, गरम पाण्याने मोकळा करतोय."

पाइप तुंबला असता तर पाणी बाहेर आलं असतं, एवढं मलाही कळतं. त्या दिवसापासून मात्र माझ्या मनाने घेतलं, की हा माणूस या घरात राहिला तर तिच्या मागोमाग जाणार. गालफडं बसली होती, पँट कमरेला घट्ट करून मी थकले होते. मला एकच भाऊ आहे हो.

अशात त्याला नोकरी चालून आली. दुसऱ्या शहरात वजनकाट्यांचा कारखाना होता, तिथे तपासणी विभागाचा मुख्य हवा होता. पगार इथल्यापेक्षा चांगला दीडपट. तो काम करायचा ते इथलं दुरुस्तीचं दुकान तर शेवटच्या घटका मोजत होतं, कारण हल्ली बिघडलेला काटा कुणी दुरुस्त करत नाही, नवा घेतात. कारखान्याच्या मॅनेजरने महिनाअखेरपर्यंत कळवा म्हणून सांगितलं. मी म्हटलं, देव पावला.

"एकदम हो कसं म्हणू?" धाकटा म्हणाला. "पगार जास्त आहे, तसा तिकडचा खर्चही जास्त असेल. राहून बघायला पाहिजे."

हे 'राहून बघणं' ही आमच्या घराण्याची खोड. बाबांची बदली व्हायची तेव्हा ते आधी नव्या गावी जाऊन आठवडाभर राहून यायचे. घरचीच भांडी न्यायचे, घरी लागतं तेच सामान तिथे विकत घ्यायचे, घरी लावतो तेवढेच दिवे लावायचे, आणि परत येऊन आईला सांगायचे, परवडेल की नाही. नुसते भाव विचारून आलेल्या माणसावर त्यांचा विश्वास नव्हता. जग हसायचं त्यांना. पण आम्ही दोघंही तशीच निघालो.

"मग जा आणि राहून ये," मी म्हटलं.

"तूही चल, ताई."

"मी कशाला? तिथे राहणार तू एकटा."

"घरात बाईमाणूस असल्याशिवाय खरा आकडा येत नाही," तो म्हणाला, आणि पेटी पुसायला लागला. मला वाटलं, स्वयंपाकाची सोय बघतोय लबाड. येते म्हटलं.

कारखान्याच्या मागच्या रस्त्याला तिसऱ्या मजल्यावर जागा मिळाली, आठवड्याच्या बोलीवर. दोन खोल्या, स्वयंपाकघर, खिडकीतून समोर बसचं आगार. सबंध दिवस गाड्या मागे घेण्याच्या शिट्ट्या. एक खोलीची जागा खालीच रिकामी होती, भाडं निम्मं. मी म्हटलं, "ती का नाही? एकट्याला दोन खोल्या काय नाचायला हव्यात?" तो म्हणाला, "एका खोलीत कसं भागेल?" आणि सामान वर चढवलं.

घरमालकीण किल्ली द्यायला आली. आमच्याकडे आळीपाळीने बघत म्हणाली, "तुम्ही दोघंच का राहणार?"

"मी बहीण आहे त्याची," मी ठणकावून सांगितलं. "मी परत जाणार."

"असं होय. मग मिसेस कधी येणार?"

मी तोंड उघडायच्या आत धाकटा म्हणाला, "बघू. तिला आवडलं तर."

घरमालकीण हसली आणि गेली. मी त्याच्याकडे बघत राहिले. तो खिडक्यांच्या कड्या तपासत होता. मला वाटलं, परक्या बाईसमोर नको ती विचारपूस म्हणून बोलला असेल. माणूस बोलतो असं कधी कधी. मी तशी समजूत घालून घेतली स्वतःची.

मग बाजार. त्याच्याबरोबर बाजारात जाणं म्हणजे शिक्षा. भाजीवाल्याचा काटा एका अंगाला कलत होता, तर याने आधी कांदे खाली उतरवून काटा सरळ करून दिला, मग कांदे घेतले, आणि वर भाजीवाल्याला म्हणाला, "इतके दिवस तुझंच नुकसान होत होतं." भाजीवाला खूश, आम्ही उन्हात. बटाटे, अंडी, पाव, चहा, तेल, काड्यापेटी, सगळं घरी घेतो त्याच मापाने. इथवर ठीक. पण दूध घेतलं दोन पिशव्या. दात घासायचा ब्रश घेतला मऊ, बाईसाहेबांच्या हिरड्यांतून रक्त यायचं म्हणून त्या वापरायच्या तसला. पातळ खारी बिस्किटं घेतली, जी आमच्या दोघांच्याही घशाखाली उतरत नाहीत. पावडरचा डबा. केसांना लावायच्या पिना.

"पिना?" मी भर दुकानात ओरडले. "टक्कल पडलंय तुला! कोण लावणार पिना?"

"लागतात महिन्याला," तो शांतपणे म्हणाला. "खर्चात धरायला नकोत का?"

दुकानदार आमच्याकडे बघत होता. मी पिशवी उचलली आणि बाहेर आले. रस्त्याने मला एकच दिसत होतं. काट्यावर आधी रिकामं भांडं ठेवून शून्य करतात ना, म्हणजे भांड्याचं वजन धरलं जात नाही, तसं याने तिला ठेवूनच शून्य केलं होतं. तिच्याशिवायचा आकडा त्याला वाचताच येत नव्हता. तसलं भांडं उचललं की काटा उणे दाखवतो.

मी तेव्हाच बोलायला हवं होतं असं तुम्ही म्हणाल. काय बोलणार होते? ती मेली आहे, हे त्याला माहीत नव्हतं थोडंच?

दुसऱ्या दिवशी सकाळी तो दारात येऊन उभा राहिला. चुळबुळ करत होता. म्हणाला, "ताई, रागावू नकोस. अंघोळीला जरा गरम पाणी जास्त वापरशील?"

"का?"

"मीटरवर यायला पाहिजे."

मला असा संताप आला! वाटलं, एक ठेवून द्यावी, पन्नाशीचा असला तरी. पण त्याचा चेहरा बघितला. लहानपणी ताप आला की असा बघायचा माझ्याकडे, पाणी मागताना. मी टॉवेल घेतला आणि आत गेले.

बराच वेळ पाणी घेत राहिले मी. आरसा धुरकट झाला, भिंती दिसेनात. अंग माझंच होतं, पाणी अंगावर पडत होतं, पण ते दुसऱ्या कुणाच्या तरी वाट्याचं आहे असं सारखं वाटत होतं. जणू मी कुणाची तरी जागा धरून बसलेय आणि ती यायच्या आत मला उठायला हवं. भीती वाटली मला, स्पष्ट सांगते. भर सकाळी, बाहेर बसच्या शिट्ट्या चालू असताना.

आणि दार वाजलं.

"अगं, आटप आता, टाकी रिकामी झाली!"

तो आवाज मी वर्षभर ऐकला नव्हता. हसरा, खोडकर, नवऱ्याचा आवाज. मला तो 'अगं' म्हणत नाही कधी. आणि मग माझ्या तोंडून निघून गेलं, "टाकी तुझी, अंग माझं!"

मी काही अंगात येणाऱ्यांतली बाई नाही. आवाज माझाच होता. पण शेवटच्या शब्दावर ती द्यायची तो हेल, तो मी दिला नव्हता. तो आपला आला.

बाहेर तो हसला. खळखळून हसला. आणि मग मधेच थांबला, पिठाची चक्की वीज गेल्यावर थांबते तसा.

मी कपडे करून बाहेर आले तर भिंतीला टेकून जमिनीवर बसला होता. "तू होतीस होय," म्हणाला.

"मीच होते. आणखी कोण असणार?" मी केस पुसत म्हटलं. पण त्या क्षणी मला कुणी शपथ घालून विचारलं असतं, तर माझीसुद्धा खात्री नव्हती.

नंतरचे दिवस तसेच गेले. तो सामान आणत होता, मी रांधत होते, खारी बिस्किटं फडताळात तशीच पडून होती. निघायच्या आदल्या दुपारी त्याने कागद पेन्सिल घेऊन बेरीज मांडली. मी समोर बटाटे सोलत बसले होते.

"नाही बसत," तो म्हणाला. "कळवून टाकतो नाही म्हणून. पगार वाढतो, पण भाडं, वीज, पाणी धरलं तर दोघांचं नाही बसत."

"एकाचं धर!" मी सुरी आपटली. "एकाचं धरून बघ की रे, मेल्या!"

"एकाचं बसतं. उरतंसुद्धा. बरंच उरतं."

"मग अडलंय कुठे तुझं घोडं?"

त्याने पेन्सिल खाली ठेवली. "मग तिला कुठे ठेवू, ताई?"

मी पुन्हा बटाटा सोलायला घेतला.

"तिकडे आपल्याकडे तिला वेगळा खर्च नाही," तो सांगायला लागला, अगदी समजावून, काटा कसा चालतो ते गिऱ्हाइकाला सांगतो तसं. "खुर्ची आहे, आरसा आहे, चपला आहेत. सगळं आधीचं. दिवे लावले की झालं. इथे आणायची म्हणजे सगळं नव्याने. आणि इथे ती आलीच नाही. आठवडाभर बघतोय. त्या दिवशी दारापाशी वाटलं, आली. तर तू निघालीस. बरं, तिला तिकडेच ठेवून यावं, तर जागा भाड्याची. आपण सोडली की दुसरे येणार. ती माणसं तिला काय ओळखणार? रोज संध्याकाळी अंधारात बसेल ती."

आता इथे दुसऱ्या एखाद्या शहाण्या बाईने त्याला डॉक्टरकडे नेलं असतं. माझ्या डोळ्यांना धार लागली होती आणि हातात अर्धा सोललेला बटाटा. मी म्हटलं, "माझ्याकडे ठेव."

"तुमचं पटत नव्हतं."

"नव्हतंच पटत. पण आता ती उलटून बोलणार नाही, तेवढं बरं."

तो हसला नाही. विचार करत होता, खरोखरचा विचार. "मागची खोली देशील?"

"देईन."

"दिवे?"

"लावीन रे बाबा, सगळे लावीन."

"वीज वाढेल तुझी. पाणीही." त्याने पुन्हा पेन्सिल उचलली. "तिच्या वाटचे मी दर महिन्याला पाठवीन. फुकट नको."

मी मान डोलावली. त्याने त्याच दुपारी मॅनेजरला फोन करून येतो म्हणून सांगितलं.

घर सोडायच्या दिवशी त्याने तिची खुर्ची, आरसा, चपला माझ्या मागच्या खोलीत आणून ठेवल्या, माझ्या शिवणयंत्राशेजारी. शेवटी मोकळ्या घरातून बाहेर आला, आणि दार लावायच्या आधी थांबला. आपलं दार सताड उघडं ठेवलं, जिना ओलांडून माझं हाताने धरलं आणि अंग चोरून उभा राहिला. बाईमाणसाला आधी जाऊ देतात तसा. मी आत उंबऱ्याशीच होते. मी बाजूला सरकले. का सरकले, मला विचारू नका.

आता समोर एक तरुण जोडपं राहतं. बरी आहेत. मी मात्र ठरल्याप्रमाणे सगळं करते. शेजारी म्हणतात, म्हातारपणी ताईंचा हात सैल सुटला, दिवाळखोर होणार आता ताई. मी म्हणते, होऊ दे. शिवताना तिच्याशी बोलतेही अधूनमधून. आधी भांडायला म्हणून बोलायचे, मग सवय लागली.

धाकटा दर महिन्याला पैसे पाठवायचा. अगदी चोख, तिच्या वाटचे म्हणून वेगळे. पैसे पोचले की फोन करायचा आणि आडवळणाने विचारायचा, "तिकडे सगळं ठीक?" मी म्हणायचे, "ठीक आहे. आज पाणी जास्त झालं." तो 'बरं' म्हणायचा आणि ठेवायचा. हे असं चाललं सबंध हिवाळाभर. आणि हळूहळू त्याचा आवाज भरायला लागला. कारखान्यातल्या एकाबरोबर सकाळी फिरायला जायला लागला. एक खोलीच्या जागेत उतरला. नवे बूट घेतले म्हणाला, जुने सैल होत होते ते आता घट्ट व्हायला लागले. बूट कसे घट्ट होतील, म्हटलं, पाय सुजलेत का? तर हसला. अंग धरलंय म्हणाला, घरमालकीण डबा देते.

मला हेच तर हवं होतं. माझा भाऊ वाचला. यापरतं मी देवाकडे दुसरं काय मागितलं होतं?

या महिन्यात पैसे आले नाहीत. फोन आला, चांगला मोकळा बोलला. सुट्टीत सगळे मिळून नदीवर गेले होते, कुणीतरी पाण्यात पडलं, त्याची गंमत सांगता सांगता त्यालाच हसू आवरेना. माझ्या गुडघ्यांची चौकशी केली. समोरच्या जोडप्याची केली. मी वाट बघत होते. "बरं ताई, ठेवतो," म्हणाला आणि ठेवला. तिच्याबद्दल एक अक्षर नाही.

मी आठवण करून दिली नाही. देणारही नाही.

फोन ठेवून मागच्या खोलीत गेले. यंत्रावर कुणाचीतरी पँट अर्धवट पडली होती. मी बसले, सुईत दोरा ओवायला घेतला, तो काही केल्या ओवला जाईना. शेवटी त्या खुर्चीकडे न बघताच म्हटलं, "कामाच्या गडबडीत राहिलं असेल गं त्याचं." आणि लगेच माझी मलाच लाज वाटली. तिला काय कळत नाही का? नवरा होता तिचा.

"रमलाय तो तिकडे," मी म्हटलं. "तू मनाला लावून घेऊ नकोस. मी आहे ना."